मास्तरांच्या अंगणातला पिवळा दांडगोबा

मी एक जुना गड्डा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. आपली कहाणी सांगायला एखादी रुबाबदार वस्तू पुढे यायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण माझी बाजू जरा ऐकून घ्या. एका शिंप्याच्या घरामागच्या अंगणात, अगदी कोपऱ्यात, मी जमिनीखाली राहतो. ऊन तापू लागले की माझ्यातून जाड दांडे वर येतात, मोकळे सोडले तर बघता बघता दाराच्या चौकटीच्या वर जातात, आणि त्यांच्या टोकांना चहाच्या बशीएवढी पिवळीजर्द फुले लागतात. तुम्ही चित्रात डेझीचे फूल काढता ना, मधे गोल आणि भोवती पाकळ्या? तीच तऱ्हा. फक्त माझ्या पाकळ्या लांब आणि बारीक, कात्रीने कातरून सोडलेल्या झालरीसारख्या.

थंडी पडली की वरचा सगळा थाट वाळून जातो आणि कोपऱ्यात नुसती माती उरते. नव्या माणसाला वाटते, इथे काहीच नाही. मी मात्र असतो. खाली गुडुप झोपलेला असतो, आणि ऊन तापले की पुन्हा हजर. असे किती उन्हाळे मी पाहिले, ते मला विचारू नका. मोजण्याचे काम आमच्या घरात मास्तरांकडे आहे.

मास्तर म्हणजे या घरातले शिंपी. शाळेतले मास्तर नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान आहे आणि मागच्या खोलीत शिवणयंत्र. त्या मागच्या खोलीची खिडकी थेट माझ्यावर उघडते. मास्तर कापतात आणि शिवतात, त्यांची बायको काज-बटणे करते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण मास्तरांना बोलायचा कंटाळा आहे. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे छोटी. छोटी गल्लीतल्या सगळ्या मुलींमध्ये उंच आहे. हाक मारायला सुरुवात केली तेव्हा ती खरोखरच छोटी होती, आणि पुढे ती हाक बदलायचे कुणी मनावर घेतले नाही.

मला या घरात आणले ते छोटीने. कुठल्याशा बाजारातून तिने फुलझाडांच्या मिसळलेल्या बियांची एक पुडी आणली. पुडीवर नाजूक, बोटभर उंचीच्या फुलांचे चित्र होते. त्या चित्रात मी कुठेच नव्हतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. छोटीने दोऱ्याच्या रिळांच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडली, त्यात माती भरली आणि आम्हाला पेरले. माझ्या बरोबरची मंडळी भराभर उगवली, भराभर फुलली आणि भराभर संपलीसुद्धा. माझे सगळेच सावकाश. मी आपली पाने काढत बसलो. डबा पुरेना, तेव्हा छोटीने मला उचलून अंगणाच्या कोपऱ्यात लावले. खड्डा खोल खणला, शेणखत घातले आणि भोवतीची माती हाताने थोपटली. तो हात मला अजून आठवतो.

पहिले वर्ष नुसत्या पानांत गेले आणि दुसरेही. पाने मात्र अशी की इस्त्रीखाली घालायच्या फडक्याएवढी. शेजारच्या बुटक्या भिंतीपलीकडे कंपाउंडरकाका राहतात. ते दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधतात, त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर आपल्याकडे उतारा आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. ते भिंतीवर कोपरे टेकून म्हणाले, "काय हो मास्तर, तंबाखू लावलीत की काय?"

"लेकीला विचारा," मास्तर म्हणाले.

छोटीची आईही माझ्यावर वैतागली होती. "अगं, नुसती पानंच पानं. एवढी जागा अडवून बसलंय. उपट ते आणि तिथे पुदिना लाव, निदान कामाला तरी येईल."

"आई, त्याला वेळ लागतो गं," छोटी म्हणाली. "आत्ता मुळं खाली जातायत. आधी खाली, मग वर."

मित्रांनो, दोन वर्षे ज्याने एकही फूल दिले नाही, त्याच्याबद्दल कुणीतरी इतक्या विश्वासाने बोलावे, हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. मी त्या दिवशी मनात ठरवले की या मुलीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पण मी वर येण्याआधीच घरात एक भलतीच गोष्ट घडली.

मास्तरांनी छोटीला लहानपणापासून कात्री धरायला शिकवले होते. तिचा हात बापासारखाच साफ होता. कापड टेबलावर पसरले की कुठे कापायचे ते तिला आपोआप दिसायचे. मास्तरांनी मनातल्या मनात पुढचे सगळे ठरवून टाकले आणि एक दिवस रंगाऱ्याकडून नवी पाटी रंगवून आणली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे: 'मास्तर आणि कन्या, शिवणकाम'. कन्येला विचारायचे तेवढे राहून गेले.

आणि कन्येने तर दूरच्या बंदरावर क्रेन चालवायला शिकायचे ठरवले होते. तिची तिथे निवडही झाली होती. दुकानात गिऱ्हाईक बसले होते, म्हणून बापलेकीचे भांडण अंगणात झाले, माझ्या समोर.

"क्रेन?" मास्तर म्हणाले. "ती लोखंडी? तू त्यावर चढणार?"

"हो बाबा. पेट्या उचलायच्या आणि जहाजावर ठेवायच्या. फार बारकाईचं काम आहे. बोटभर चुकलं तर चालत नाही."

"बोटभर चुकलं तर चालत नाही असं काम इथे नाही का?"

"आहे की. पण ते तुमचं आहे, बाबा. माझं नाही."

मास्तर रागावले की ओरडत नाहीत, गप्प होतात. मला विचाराल तर ओरडणारा माणूस परवडला. त्यांनी ती नवी पाटी उचलली आणि माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी केली. त्यानंतर छोटी जाईपर्यंत ते तिच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलले नाहीत. छोटीची आई दोघांना जेवायला एकत्र बसवायची आणि दोघे आपापल्या ताटाकडे बघून जेवायचे.

निघायच्या दिवशी छोटी माझ्यापाशी आली. नुकताच उन्हाळा लागत होता आणि माझ्यातून पहिल्यांदाच जाड कोंब वर आले होते. ती ते बघून खुलली. मग दारात उभ्या असलेल्या बापाला म्हणाली, "बाबा, याला यंदा फुलं येतील असं वाटतंय. पाणी घाला, आणि वाऱ्यात पडू देऊ नका. बाकी काही करावं लागत नाही याचं."

मास्तर म्हणाले, "हं."

एवढ्याच बोलण्यावर ती गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की या गड्ड्याला इतके सगळे कसे कळले. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. दुकानात नाही, स्वयंपाकघरात नाही. रेंज मिळते ती फक्त अंगणात माझ्या कोपऱ्यात. त्यामुळे फोन इथेच भिंतीवर ठेवलेला असतो आणि या घराचे सगळे बोलणे माझ्या पानांशी उभे राहून होते. मी चोरून ऐकतो असे समजू नका. लोक माझ्याच जवळ येऊन बोलतात, त्याला मी तरी काय करणार?

पहिल्या पहिल्यांदा छोटीचा फोन आला की आईच बोलायची. मास्तरांचे शिवणयंत्र तेवढ्या वेळात जास्तच जोरात चालायचे. एकदा छोटीने विचारले, "बाबांनी झाडाला पाणी घातलं का?" आईने खिडकीतून ओरडून विचारले. यंत्र थांबले. मास्तर बाहेर आले, फोन हातात घेतला, "घातलं," म्हणाले आणि फोन परत दिला. छोटी गेल्यापासून बापाने लेकीशी बोललेला तो पहिला शब्द होता.

पुढच्या खेपेला तिने उंची विचारली. आता उंची विचारल्यावर शिंपी अंदाजाने सांगेल होय? मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि माझे माप घेतले. नुसती उंची नाही, पानांची लांबी आणि रुंदीही घेतली, दांड्याचा घेरही घेतला. मग फोन कानाला लावून सगळे रीतसर सांगितले. हळूहळू मास्तर फोनची वाट बघू लागले. वाट बघतोय असे दाखवायचे मात्र नाही. फोनच्या वेळेला ते झारी घेऊन माझ्यापाशी उगाच रेंगाळायचे. बिचाऱ्या मला कधीकधी दोनदा पाणी मिळायचे.

मित्रांनो, मी त्या बापलेकीच्या बोलण्याचा एकुलता एक विषय होतो. मी सुकलो असतो तर त्यांचे बोलणेही बंद पडले असते, कारण दुसरे काही बोलायची दोघांचीही छाती होत नव्हती. छोटीने क्रेनचे काही सांगायला सुरुवात केली की मास्तर घाईघाईने म्हणायचे, "बरं, खालची पानं जरा पिवळी पडतायत हं," आणि गाडी पुन्हा माझ्यावर यायची. हे ओझे लहान नव्हते. म्हणून मी जीव तोडून वाढत होतो.

मास्तरांनी माझे केलेही खूप. पडद्याच्या जुन्या दांड्या आणून त्यांनी माझ्याभोवती रोवल्या, आणि कापडाच्या काठाच्या पट्ट्यांनी माझे दांडे त्यांना बांधले. कंपाउंडरकाका म्हणाले, "अहो, जरा आवळून बांधा की." मास्तर म्हणाले, "वाढत्या अंगाचा आहे तो. वाढत्या अंगाला सैलच ठेवायचं असतं." एका दुपारी असा वारा सुटला की गल्लीतले पत्रे खडखडू लागले. मास्तर धावत बाहेर आले. आडोशाला दुसरे काही सापडेना, तेव्हा ती भिंतीला टेकवलेली पाटी त्यांनी ओढून वाऱ्याच्या बाजूला उभी केली आणि वारा पडेपर्यंत स्वतः पाठीने रेटून धरली. पाटीची रंगवलेली बाजू माझ्याकडे होती. माझा एकही दांडा मोडला नाही. त्या दिवशी फोनवर मास्तरांनी वाऱ्याची सगळी हकीगत सांगितली, पाटीचे तेवढे गाळले. शेवटी म्हणाले, "तिकडे पण वारा असेल. जेवलीस का?" आणि तिचे उत्तर ऐकायच्या आत फोन आईच्या हातात देऊन आत गेले.

मला वाटले, चला, आता गाडी रुळावर येणार. पण एवढ्यात कंपाउंडरकाकांना माझी दया आली. त्यांनी कसले तरी खत आणून माझ्या बुडाशी घातले. "टॉनिक आहे," म्हणाले. झाले! मी आधीच दांडगट, त्यात हे टॉनिक. मी खिडकीची चौकट ओलांडली आणि शिवणाच्या खोलीवर हिरवा अंधार पसरला.

नेमका शाळा उघडण्याच्या आधीचा मोसम होता. मास्तरांच्या टेबलावर गणवेशांच्या कापडाचा ढीग पडला होता आणि यंत्रावर उजेड येईना. ते दिवसाही दिवा लावून शिवत होते आणि पुन्हा पुन्हा सुईत दोरा ओवत होते. तरी त्यांनी मला उपटायचा विचार केला नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी शिंप्याने करावा तसाच विचार केला. लांब झालेली विजार कुणी फेकून देत नाही, तिची उंची कमी करतात. माझीही तशीच करावी.

त्यांनी टेप आणली. खिडकीच्या खालच्या कडेएवढी उंची धरली आणि प्रत्येक दांड्यावर पांढऱ्या खडूने खूण केली. मग आतून कापडाची कात्री आणली. मित्रांनो, त्या कात्रीला त्या घरात कुणी कागदसुद्धा लावायचा नाही. छोटीने लहानपणी एकदा त्या कात्रीने कागद कातरला होता, त्यावर दिवसभर बोलणी खाल्ली होती. ती कात्री माझ्यासाठी बाहेर आली. माझ्याबद्दल मास्तरांच्या मनात केवढा मान होता, हे यावरून ओळखा. करकर करकर आवाज झाला आणि माझे सगळे शेंडे खाली पडले. मास्तर चार पावले मागे गेले, एक डोळा मिटून बघितले आणि समाधानाने मान हलवली. काप अगदी एका रेषेत आला होता.

तेवढ्यात कंपाउंडरकाका भिंतीशी आले. खाली पडलेला एक शेंडा त्यांनी वाकून उचलला. टोकाला हिरवी, खडबडीत गाठ होती. मास्तरांना ती वळलेली पाने वाटली होती. काकांनी ती नखाने उघडली. आत पिवळे होते.

"मास्तर," ते म्हणाले, "अहो, ही कळी आहे."

मास्तरांनी दुसरा शेंडा उचलला. तोही उघडला, मग तिसरा. मग ते पायरीवर बसले. कात्री त्यांच्या हातातच होती. काका पहिल्यांदाच काही न सुचवता घरात गेले.

मला राग आला का? खरे सांगतो, नाही आला. दुखले, पण राग आला नाही. ज्या माणसाने वाऱ्यात पाठ लावून मला उभे ठेवले, तो माझे वाईट करील असे माझ्या मनातही आले नाही. मला काळजी वाटली ती फोनची.

संध्याकाळी फोन वाजला. मास्तर बाहेर आले नाहीत. दुसऱ्या वेळी वाजला, तेव्हा ते पुढे दुकानात जाऊन बसले. छोटीची आई काहीबाही सांगत राहिली. बाबा कामात आहेत, गणवेशांची घाई आहे, बाहेर गेलेत. पलीकडून छोटीचा आवाज बारीक होत गेला. "आई, बाबा पुन्हा रागावलेत का? मी काही चुकीचं बोलले का? जेवलीस का म्हणाले होते, मी नीट उत्तर नव्हतं दिलं." आईच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिथे कापलेल्या दांड्यांनी उभा होतो आणि मला एक पानही हलवता येत नव्हते. इतके हतबल मला थंडीतसुद्धा वाटत नाही.

फोन ठेवून आई खिडकीशी गेली. "अहो, ती पोर तिकडे रडकुंडीला आलीय. बोला ना तिच्याशी."

"काय बोलू?" मास्तर आतून म्हणाले. "सांगण्यासारखं जे होतं ते कापून ठेवलंय मी."

"मग तेच सांगा."

यंत्र सुरू झाले, थोडे चालले आणि थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. मग मागचे दार उघडले. मास्तर माझ्यापाशी आले आणि त्यांनी स्वतःहून फोन लावला. आजवर फोन नेहमी छोटीच करायची. मास्तरांचे बोट त्या बटणांवर सवयीचे नव्हते. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लागला.

"बाबा?" छोटी म्हणाली.

"मी कापलं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"तुझं झाड. खिडकीवर आलं होतं, उजेड येईना. मी उंची कमी केली. टोकाला कळ्या होत्या, मला कळलं नाही. सगळे शेंडे कापले. यंदा फुलं येणार नाहीत. तू सांगितलं होतंस बाकी काही करू नका, तरी मी केलं. चुकलं माझं."

मास्तरांनी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान लाल झाला.

मग छोटीने विचारले, "खडूने खूण करून कापलं?"

"हो."

"एका रेषेत आलं का?"

"आलं," मास्तर म्हणाले. "रेषा चांगली आलीय."

आणि पलीकडून हसू ऐकू आले. छोटी इतकी हसली की तिला बोलता येईना. मास्तरांच्याही ओठाचा एक कोपरा हलला, मग तेही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते मी पाहिले. हसणे संपले. माझ्याबद्दल आता सांगायला काही उरले नव्हते. ना उंची, ना कळी, ना पाने. मला वाटले, आता हे फोन ठेवणार.

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ती क्रेन," ते म्हणाले. "वर बसायला... बसायला नीट जागा असते का?"

"असते बाबा. काचेची छोटी खोलीच असते. सगळं बंदर दिसतं तिथून. फक्त ऊन फार लागतं. दुपारी डोळ्यांवर येतं, पेटी कुठे टेकतेय ते दिसत नाही."

"उजेड नीट नसला की काम बिघडतं," मास्तर म्हणाले. "पडदा लाव."

"इथे कोण शिवून देणार?"

"माप सांग."

"माझ्याकडे टेप कुठेय?"

"मग वितीने मोजून सांग. तुझी वीत मला ठाऊक आहे."

मित्रांनो, मी फुलांचे झाड आहे. लोकांना आनंद द्यावा हे माझे काम. पण त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो माझ्या कुठल्याच फुलाने कुणाला दिला नसेल. "उद्या मोजून सांगते," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने विती सांगितल्या आणि मास्तरांनी बसल्या जागी त्यांचे माप केले. मग प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. काच सरकते की उघडते? कापड जाड हवे की पातळ? वारा किती असतो? भीती वाटते का? पहिल्या दिवशी वाटली होती का? शिकवणारे ओरडतात का? छोटी सांगत होती आणि मास्तर 'मग?' 'मग पुढे?' करत होते. आईने दोनदा हाक मारली, "अहो, मला पण द्या की फोन!"

आणि आता माझे ऐका. वरून कापल्यावर मला वाटले होते की यंदा आपला खेळ संपला. पण मुळे खोल होती, पाणी वेळेवर मिळत होते आणि काकांचे टॉनिकही अंगात होते. थोड्याच दिवसांत माझ्या प्रत्येक पानाच्या काखेत एक एक कोंब फुटला. जिथे एक शेंडा होता तिथे कितीतरी फांद्या आल्या. त्या उंच गेल्या नाहीत, खिडकी मोकळीच राहिली. उन्हाळा सरला, पावसाळाही ओसरला, गल्लीतल्या सगळ्या बागा वाळत चालल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या त्या फांद्यांवर कळ्या धरल्या. फुले आकाराने थोडी लहान होती, पण संख्येने अशी की पाने दिसेनात. रस्त्यावरची माणसे भिंतीवरून डोकावून बघू लागली. काकांनी सगळ्यांना सांगितले की हा औषधाचा गुण आहे. त्यांनीच मला 'दांडगोबा' हे नाव दिले, आणि ते मला शोभते.

मी अगदी भरात असताना छोटी सुट्टीवर घरी आली.

मी तिची किती वाट पाहिली होती! ती मागच्या दाराने येईल, मला बघून ओरडेल, पाने कुरवाळील, अशी सगळी चित्रे मी रंगवून ठेवली होती. ती आली. मास्तरांनी पडदा शिवून तयार ठेवला होता. तो दाखवायला ते तिला अंगणात घेऊन आले, कारण उजेड इथे चांगला. दोघे पायरीवर बसले. छोटीने पडदा मांडीवर पसरला आणि शिवण बोटाने चाचपून बघितली. मग ती क्रेन कशी चालते ते दाखवू लागली. कात्री म्हणजे क्रेनचा हात, रिळांचा डबा म्हणजे जहाज आणि खडूचा तुकडा म्हणजे पेटी. मास्तर पुढे वाकून बघत होते. "थांब, मला करू दे," म्हणाले आणि त्यांनी ती पेटी अलगद जहाजात ठेवली. "बघ, बोटभर नाही चुकली." आईने आणलेला चहा तसाच निवून गेला.

मी समोर उभा होतो. आयुष्यातली माझी पहिली फुले होती, आणि एवढी पिवळी की भिंतीवरही त्यांचा उजेड पडला होता. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

शेवटी काकांना राहवले नाही. ते भिंतीवरून म्हणाले, "अगं छोटी, फुलं बघितलीस की नाही?"

"हो काका, मस्त आहेत," छोटी म्हणाली, कात्रीवरची नजर न काढता.

"छानच आलीत यंदा," मास्तर म्हणाले, जहाजाकडे बघत.

त्या गोष्टीला आता पुष्कळ उन्हाळे झाले. मास्तर अजून मला शाळांच्या मोसमाच्या बरेच आधी छाटतात, कळ्या धरायच्या आत. कात्री तीच आणि खडूही तोच. माझा एक तुकडा कुदळीने वेगळा काढून छोटीने बंदरावर नेला आहे. तिथल्या एका पिंपात तो रुजला, असे मी फोनवर ऐकले. एक तुकडा काकांकडे आहे, आणि तो माझ्याइतका होत नाही याचे त्यांना वाईट वाटते. मी या सगळ्यांचा ऋणी आहे. छोटीच्या आईचाही, कारण तिने मनात आणले असते तर आज इथे पुदिना असता.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घराशी हातभर जागा असेल तर माझ्यासारखे एखादे सावकाश वाढणारे झाड लावा. पहिली काही वर्षे फूल आले नाही म्हणून त्याला उपटू नका. आधार वारा सुटायच्या आधी द्या आणि सैल बांधा. थंडीत वर काही दिसले नाही तरी तिथे कुदळ चालवू नका, खाली कुणीतरी झोपलेले असते. हातून चुकून काही कापले गेलेच, तर ते लपवू नका. ज्याचे असेल त्याला फोन करून सांगा.

आमच्याकडे अजूनही छोटीचा फोन येतो आणि मास्तर अजूनही माझ्यापाशी उभे राहून बोलतात. चांगले तासभर बोलतात. बोलण्याच्या नादात एका हाताने माझे पान चुरगाळतात, त्यांना कळतही नाही. पूर्वी पहिला प्रश्न माझ्याबद्दल असायचा. मग तो शेवटी येऊ लागला. हल्ली कितीतरी वेळा तो विचारायचा राहूनच जातो. ज्या दिवशी माझा विषय निघत नाही, त्या दिवशी मला फार बरे वाटते.